मधल्या टप्प्यातली चार वळणं

“डोंगर एकच आहे ना? मग दर तीन कशाला?”

साहेबांनी हे विचारलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी माझ्या संगणकासमोर तोंड मिटून बसले होते. तोंड मिटून म्हणजे अगदी खरोखरच. पहाटेच्या प्रार्थनेपासून सकाळी अकरापर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे. कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होता. मला ‘मौनीबाई’ म्हणत, आणि अकराच्या आत माझ्या टेबलावरचा फोन वाजला तर शेजारचा रोखपाल कुरकुरत उचलत असे.

साहेबांच्या टेबलापलीकडे उभे होते ते माझे धाकटे दीर. आमचं खातं डोंगरांवर चालण्याच्या आणि सायकलींच्या वाटा बांधतं. त्या खात्यात भावोजी एकतीस वर्षं मुकादम. त्यांना खुर्ची असूनही ते बसले नव्हते. बुटांना माती होती, आणि खाली नवी फरशी.

“डोंगर एकच आहे साहेब,” भावोजी म्हणाले. “माणूसही एकच असतो. पण त्याचे दात, पोट आणि गुडघे, तिन्हींचे डॉक्टर निराळे.”

रोखपाल हसला. साहेब हसले नाहीत.

टेबलावर नकाशा पसरला होता. टेबलावर पसरला की कुठलाही डोंगर सपाटच दिसतो. भावोजींनी त्यावर तळहात ठेवला. “हा खालचा भाग लाल मुरमाचा. इथे छोटं मशीन जाईल, दिवसाला चाळीस मीटर वाट निघेल. फक्त अगदी पायथ्याची पट्टी सपाट आहे, तिथे पाणी हलत नाही. तिथे भराव घालून वाट उचलावी लागेल. सपाट दिसते म्हणून स्वस्त धरू नका. वर माथ्याला कातळ. तिथे छिन्नी आणि पहार, दिवसाला चार मीटर निघाले तर नशीब. पण कातळ एकदा कापला की नातवंडांनाही बघायला नको. खरी गोम मधे आहे.”

मधे करडी चिकणमाती होती आणि तिच्या पोटात झिरपा, आतून पाझरणारं पाणी. उतार असा, की उभं राहायचं तर एक गुडघा वाकवावा लागे. भावोजींचं म्हणणं, तिथे वाट सरळ उतरवायचीच नाही. आडवी न्यायची, चार वळणं घेत. प्रत्येक वळणाला दगडी बांध. दगड पाठीवरून वाहायचे, कारण तिथे मशीन नेलं तर ते कलंडेल. खालच्या एका मीटरला जे लागतं, त्याच्या सहापट मधल्या मीटरला लागणार. म्हणून दर तीन. हे सगळं त्यांनी चार पानांवर लिहून आणलं होतं. त्यांचं अक्षर मोठं आणि उजवीकडे उतरत जाणारं. मी ते आदल्याच दिवशी घरी वाचलं होतं.

साहेबांच्या शेजारी बाहेरून आणलेला नकाशेवाला बसला होता. तरुण, नीटनेटका. त्याने डोंगर आकाशातून घेतलेल्या फोटोंत पाहिला होता. “वळणांमुळे दोनशे मीटरची वाट साडेसहाशे मीटर होते,” तो म्हणाला. “सरळ घेतली तर खर्च वाचतो आणि थरारही वाढतो. सायकलवाल्यांना तेच हवं असतं.”

“दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा,” साहेब म्हणाले. “शाळेतच शिकवतात हे.”

“पाणीही त्याच शाळेत गेलंय साहेब.”

“ठीक आहे, या आता,” साहेब म्हणाले, आणि भावोजी गेले. मग साहेबांनी चार पानांतलं तिसरं पान, मधल्या टप्प्याचं, बाजूला काढलं. बाकीची तीन माझ्यापुढे टाकली. “एवढंच टाइप करा. दर एकच लावा, सगळीकडे. आणि हे पान नको.” ते पानही त्यांनी माझ्याच हातात दिलं.

मी घड्याळाकडे पाहिलं. दहा पस्तीस. पान कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

लोकांना वाटतं, ही बाई सौम्य आहे, हिला राग येत नाही. देवाने मला आवाज लहान दिला, राग लहान दिलेला नाही. पण त्या दिवशी माझं काय चुकलं ते मी आधी सांगते, म्हणजे पुढे दुसऱ्यांना नावं ठेवायचा हक्क मला राहील. दहा पस्तीसला मी गप्प बसले तो नेम होता. अकरा वाजले, मी पाण्याचा घोट घेतला, तोंड उघडलं आणि रोखपालाला विचारलं, “स्टेपलर बघितलात का?” अकरानंतर गप्प बसले ती मी होते.

भावोजींना सगळे ‘पाणक्या’ म्हणत. त्याला कारण होतं. कुठल्याही डोंगरावर कुदळ मारायच्या आधी ते पत्र्याचा डबा भरून पाणी वर नेत. ठरावीक ठिकाणी उकिडवे बसत, थोडं पाणी ओतत आणि ते कुठे जातं ते बघत. मग तिथे लाकडी खुंटी ठोकत. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा ओतत. मजूर म्हणत, पाणक्याचा डोंगराला चहा पाजून झाला की आपलं काम सुरू. एकतीस वर्षांत त्यांनी कापलेली एकही वाट पावसाने वाहून नेली नव्हती. याची कुठे नोंद नाही. जी वाट वाहून गेली नाही तिची नोंद कोण ठेवणार?

घर आमचं एकत्र. पुढच्या दोन खोल्यांत ते नवराबायको, मागच्या खोलीत मी. माझे यजमान जाऊन आठ वर्षं झाली. जाऊबाई तोंडाने फटकळ, मनाने लोणी. भावोजींचे बूट उंबऱ्याबाहेर आपटत म्हणायच्या, “वहिनी, यांच्यासाठी बायको कशाला बघितली? एखादी टेकडी बघायची होती. रोज पाणी पाजलं असतं, कधी उलटून बोलली नसती.”

“टेकडी उलटून बोलते,” भावोजी म्हणत. “एक पावसाळा थांबून बोलते, इतकंच.”

अंदाजपत्रक एकाच दराने मंजूर झालं. मधला टप्पा सरळ. भावोजींनी एक दिवस कामावर जायला नकार दिला. त्यांच्या नोकरीत तेवढा एकच दिवस. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, की मुकादमाला जमत नसेल तर ठेकेदाराचं मशीन तयार आहे. भावोजी बूट घालू लागले.

“जाताय?” मी विचारलं.

“मशीन आडवं चालवलं तर कलंडतं, वहिनी. सरळ वरून खाली मात्र सोलत येईल. झाडांची मुळंसुद्धा ठेवणार नाही. कापायचंच आहे तर मी कापतो. निदान हळू हाताने.”

एका रविवारी त्यांनी मला वर नेलं. मुरमाची वाट चढून आम्ही मधल्या टप्प्यावर आलो, तर समोर सरळ उभा चर. दोन्ही बाजूंना चोपून बसवलेली माती, जमेल तिथे आडवे दगड. काम सुबक होतं. चुकीचं काम इतकं सुबक मी कधी पाहिलं नव्हतं.

“सोपा हिशेब आहे,” ते म्हणाले. “डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. निम्म्यात राहिलं तर पाणी वाट ओलांडून पलीकडे निघून जातं. निम्म्याच्या वर गेलं की ते वाट ओलांडत नाही, वाटेनेच चालायला लागतं. आणि ही वाट तर पुरी उताराएवढीच आहे. आपण पाण्यासाठी रस्ता बांधलाय वहिनी. सायकली त्यावर फुकट जाणार.”

मग त्यांनी मला झुडपांत नेलं. तिथे खुंट्या होत्या. एक, दुसरी, तिसरी, सगळ्या डोंगराच्या अंगाने आडव्या जाणाऱ्या. एका ठिकाणी त्या वळत होत्या आणि पुन्हा उलट दिशेने येत होत्या. चार वळणं. पूर्ण रांग, न बांधलेल्या वाटेची.

“या काढल्या नाहीत?”

“असू देत. खुंटी काय खाते का प्यायला मागते?”

वाट सुरू झाली तेव्हा पायथ्याशी फलक लागला. साहेबांचं नाव, नकाशेवाल्याचं नाव. पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात झिरपा फुटला आणि चराला मधोमध दुसरा चर पडला, घोट्याइतका, मग गुडघ्याइतका. भावोजींनी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, की दगड टाकून भरून घ्या. त्यांनी दगड टाकले. पाण्याने खाली आणले. चौथ्यांदा त्यांनी वाटेवर स्वतःच आडवा बांबू बांधला. सायकलवाल्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि खाली सुटले.

त्यांच्यामागून तिसरी जी पोर उतरली, तिचं गळ्याखालचं हाड मोडलं. मोठ्या इस्पितळात नर्स होती, सुट्टीच्या दिवशी सायकल चालवायची. तिलाही बांबू बाजूलाच दिसला होता. भावोजी तिला भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते. तिचा हात झोळीत होता.

“ब्रेक दाबला हो मी,” ती म्हणाली. “खाली मातीच नव्हती. थोडं इकडे पडले असते तर मान गेली असती, असं आमचे डॉक्टर म्हणतात.”

भावोजी पलंगाच्या कडेला हात ठेवून उभे होते. “मी तिथला मुकादम,” ते म्हणाले. “मला माफ करा.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बाहेर आल्यावर म्हटलं, “माफी तुम्ही का मागितली?”

“तिची कोणीतरी मागायला नको?”

चौकशी बसली. बसली ती कार्यालयातच, साहेबांच्या खोलीत, सकाळी दहा वाजता. वरच्या कार्यालयातून एक मोठ्या बाई आल्या होत्या, चष्मा कपाळावर. शांत होत्या, उद्धट नव्हत्या. पण त्यांच्या पायांत जे बूट होते ते घालून त्या डोंगर चढणार नव्हत्या, हे मला दारातच कळलं. टेबलावर पुन्हा तोच नकाशा. टिपणं घ्यायला मी.

साहेबांनी अहवालाचा मसुदा वाचला. “मधल्या टप्प्यात पाण्याचा निचरा करण्यात मुकादमाकडून हलगर्जी झाल्याने…”

हलगर्जी. ज्या माणसाने डबाभर पाण्याशी बोलून सगळी नोकरी काढली, त्याच्याकडून निचऱ्यात हलगर्जी. माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

“तुम्हाला काय म्हणायचंय?” मोठ्या बाईंनी भावोजींना विचारलं.

“मी आधीच सांगितलं होतं, सरळ नको म्हणून.”

“लेखी?”

“लेखी. चार पानं.”

बाईंनी फाइल उलटीसुलटी केली. “इथे तीनच आहेत. मधल्या टप्प्याबद्दल तुमची काही हरकत नोंदलेली दिसत नाही.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. नकाशेवाला नकाशा बघत होता. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पान मी टाकलं हे त्यांना माहीत होतं. एका घरात राहणाऱ्या माणसाला माहीत असतंच, मी कधी सांगितलं नसलं तरी. मीच त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. घड्याळात दहा चाळीस. इतक्या वर्षांत आजारपणात मोडला नव्हता, यजमान गेले त्या सकाळी मोडला नव्हता, तो नेम माझ्या जिभेच्या टोकावर होता आणि मोडताना मला काहीच वाटणार नव्हतं. मी श्वास घेतला.

“वहिनी,” भावोजी हलकेच म्हणाले, “अकरा वाजायचेत अजून.”

इतक्या मायेने म्हणाले, की माझे ओठ मिटले. मग ते मोठ्या बाईंकडे वळले. “बाई, एक विचारतो. चूक नकाशातली ठरली तर पुढे काय होतं?”

“मग सगळं काम थांबतं. नवं नियोजन, नवी मंजुरी. दोन वर्षं तरी.”

“आणि तोवर वाट?”

“बंद. फाटक लावून.”

“फाटक उचलतात हो पोरं. आणि चूक माझी ठरली तर?”

बाईंनी चष्मा खाली घेतला. “मग ते दुरुस्तीचं काम होतं. दुरुस्तीला वेगळी मंजुरी लागत नाही. पुढच्या महिन्यात सुरू करता येईल.”

“दुरुस्ती म्हणजे पुन्हा दगड टाकायचे, की चार वळणं? लिहून द्याल?”

साहेब खिडकीकडून वळले. “वळणांना खर्च किती येईल माहीत आहे?”

“माहीत आहे साहेब. तिसऱ्या पानावर लिहिला होता.”

मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगेन. कळूनही त्यांनी पेन उघडलं, मसुद्याखाली एक ओळ लिहिली: ‘दुरुस्ती चार आडव्या वळणांनी, दगडी बांधासह.’ आणि कागद भावोजींपुढे सरकवला. कळत नाही त्याच्यावर रागावता येत नाही. कळून पेन उघडणाऱ्यावर मी आजही रागावलेली आहे.

भावोजींनी सही केली. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच मोठं, उजवीकडे उतरत जाणारं.

घरी येईपर्यंत मी बोलले नाही, अकरा कधीच वाजून गेले होते तरी. उंबऱ्यात बूट काढताना त्यांना म्हटलं, “मला बोलू का दिलं नाहीत?”

“तुम्ही बोलला असतात तर खरं ठरलं असतं. खरं ठरलं असतं तर काम थांबलं असतं.”

“आणि तुमचं नाव?”

“नावावरून कोणी घसरून पडत नाही.”

आतून जाऊबाई आल्या. रोखपालाच्या बायकोकडून त्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बूट उचलले, उंबऱ्याबाहेर नेले आणि नेहमीसारखे आपटले. आपटत राहिल्या. माती संपली तरी आपटत राहिल्या.

“पुरे आता,” भावोजी म्हणाले. “तळ निघेल.”

“निघू दे. कुठे जायचंय आता तुम्हाला ते घालून?”

ते खरंच होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते. मुकादमकी काढून घेतली आणि त्यांना पायथ्याशी, हेल्मेट देण्याघेण्याच्या खिडकीत बसवलं. पावती घ्यायची, हेल्मेट द्यायचं. परत आलं की धुऊन खुंटीला अडकवायचं. त्यांनी आपला पत्र्याचा डबा तिथे नेला आणि त्यातल्या पाण्याने हेल्मेटं धुवायला लागले. पहिल्याच आठवड्यात खिडकीपुढच्या फरशीवर पाणी साचायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात फरशीत बोटभर रुंदीची तिरकी खाच दिसली आणि पाणी साचायचं थांबलं. छिन्नी कुठून आणली, मी विचारलं नाही.

वळणं बांधायला दुसरी टोळी आली, नवा मुकादम आला. त्याला झुडपांत खुंट्या सापडल्या. भला माणूस, खिडकीशी येऊन म्हणाला, “काका, आखणी कोणीतरी आधीच करून ठेवलीय बघा. मी एक इंचसुद्धा हलवली नाही.” भावोजी म्हणाले, “छान.”

खिडकीशेजारच्या फलकावर सूचना लागली. ती मीच टाइप केली होती. ‘मधल्या टप्प्यातील दोष संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई करून दूर करण्यात आला आहे.’ नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती. काल मुकादम होता तो माणूस आज खिडकीत बसलेला सगळ्यांना दिसत होता. सायकलवाले सूचना वाचत, मग खिडकीत बघत, मग पुन्हा सूचनेकडे.

त्या खिडकीतला त्यांचा शेवटचा आठवडा. पाऊस होऊन गेला होता. मी दुपारचा डबा घेऊन गेले होते. तेवढ्यात डोंगरावरून एक सायकल खाली आली आणि खिडकीशी थांबली. हेल्मेट काढलं तेव्हा ओळखलं, ती नर्स होती. खांदा थोडा वर धरून चालत होती.

“काका, ओळखलंत?”

“ओळखलं. हाताला कसं आहे?”

“चाललंय. आज पहिल्यांदाच आले. काय सुरेख वळणं झालीत! एवढा पाऊस झाला, पण वाटेवर थेंब नाही साचलेला.” मग तिची नजर फलकावर गेली. तिने सूचना वाचली आणि आवाज खाली आणला. ती मनाची चांगली मुलगी होती, त्याचंच वाईट वाटतं. “काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. माझ्या मनात काही नाही. चुका होतात माणसाकडून.”

दुपारचा एक वाजला होता. माझ्या तोंडाला कसलाही नेम नव्हता. मी डबा खिडकीच्या फळीवर ठेवला. भावोजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

“होतात,” ते तिला म्हणाले.

मग ते खिडकीतून बाहेर आले आणि तिच्या सायकलीपाशी उकिडवे बसले. गुडघे वाजले. पुढच्या चाकाच्या खाचांमधून त्यांनी अंगठा फिरवला आणि उजेडात धरला. लाल माती. मागच्या चाकावरून फिरवला. तिथेही लालच. मधल्या टप्प्यातली करडी चिकण कुठेच चिकटली नव्हती; एवढ्या पावसातही तिथली वाट कोरडी राहिली होती.

“काही झालंय का चाकाला?” तिने विचारलं.

“नाही,” भावोजी म्हणाले. अंगठा पँटला पुसला, हेल्मेट तिच्या हातातून घेतलं आणि डब्यातलं पाणी त्यावर ओतलं. पाणी फरशीवर पडलं, खाचेतून तिरकं वाहत गेलं आणि कडेच्या गवतात उतरलं.